खेरबाई आणि ७८१.२

१९८४च्या जानेवारीत मी रत्नागिरीच्या एका इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाले. सांगलीची मी, वय सव्वीस, शिक्षण नुकतंच संपलेलं. आठव्या दिवशी दुपारी आयाबाईने एक केसपेपर आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "रेकॉर्डच्या खोलीत बोलावलंय. खेरबाईंनी."

"आत्ता?"

"त्यांनी बोलावलं की आत्ताच जायचं असतं," ती म्हणाली आणि हसली.

रेकॉर्डची खोली जिन्याखाली होती. छपरापर्यंत लाकडी फळ्यांचे घोडे, त्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि मधल्या टेबलाशी पांढऱ्या पातळातल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढलेल्या दमयंती खेर. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. लग्न केलेलं नव्हतं. तेवीस वर्षं त्या याच खोलीत होत्या.

"बसा. हे अक्षर तुमचं?"

कागदावर मी लिहिलं होतं : गोदा महिपत, वय ४६, अशक्तपणा. खाली ताकदीच्या गोळ्या.

"हो, माझंच."

"अशक्तपणा म्हणजे कसा? ताप येऊन गेल्यावर वाटतो तसा, की घाटी चढताना दम लागतो तसा?"

मी कागद पुन्हा वाचला; त्यावर तेवढंच होतं.

"ही बाई दारापासून तुमच्या टेबलापर्यंत भिंतीला हात लावत आली," खेरबाई म्हणाल्या. "मी व्हरांड्यात उभी होते. तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात."

 एका कारकून बाईने मला माझं काम शिकवावं, याचा राग आला होता आणि ती म्हणते ते खरं आहे हेही कळत होतं.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. इस्पितळ ट्रस्टचं, साठ खाटांचं. रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर बाईंकडे यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक आजाराला एक आकडा ठरवून दिला आहे. डॉक्टरने लिहिलेलं निदान वाचून बाई तो आकडा कागदावर घालायच्या, त्या आकड्याच्या कार्डावर रुग्णाचं नाव चढवायच्या आणि महिन्याअखेर तक्ता करून जिल्ह्याला पाठवायच्या. हे शिकायला ट्रस्टने त्यांना १९८० साली दोन महिने मुंबईला पाठवलं होतं. येताना त्या एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, पाठ उसवली होती तिथे कापड चिकटवलेलं. बाहेरून तपासून जाणाऱ्या रुग्णांना आकडे घालायची सक्ती नव्हती. बाई त्यांनाही घालायच्या. तेवढं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

त्यांनी पुस्तक उघडून माझ्याकडे फिरवलं. "अशक्तपणा आणि थकवा, ७८०.७. चक्कर, ७८०.४. चालण्यात बिघाड, ७८१.२. यातलं कुठलं?"

"तुम्ही पाहिलंय ना तिला चालताना? मग घाला ७८१.२."

"मी पाहिलेलं नोंदीत येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघायचं, तुम्ही लिहायचं, सही करायची. मग मी आकडा घालते. गोदा बाहेर बाकावर बसलीय. तिच्या गाडीला अजून वेळ आहे."

मी बाहेर गेले. गोदा हातखंब्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. नवरा महिपत मुंबईला गिरणीत होता, ती इथे भातशेती बघायची. मी तिला व्हरांड्यात चालायला लावलं. पाय फाकवून, जमिनीकडे बघत, एखाद्या होडीत उभं असल्यासारखी ती चालली. वळताना खांब धरला.

"कधीपासून असं होतंय?"

"वरीस झाला आसंल, बाय. तोंड धुवाया डोले मिटले का भुई फिरते. काळोखात तर पायच ठरत नाय. पाखाडी उतरताना दोनदा पडले." पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरची दगडी पायऱ्यांची वाट. तिच्या घरी जायला तेवढी एकच वाट होती.

"मग हे मगाशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलाव नाय," ती म्हणाली.

मी ते सगळं लिहिलं, सही केली. बाईंनी कागद वाचला, मान हलवली आणि लाल शाईने कोपऱ्यात घातलं : ७८१.२.

त्या दिवसापासून मी रुग्णाला दारातून आत येताना बघायला लागले. माझा अर्धा अभिमान गेला होता आणि अर्धा कामाला लागला होता. खेरबाईंनी मात्र कुणालाच सोडलं नव्हतं. 'चालणे ठीक नाही' असं लिहिलेला कागद त्या परत पाठवायच्या. ठीक नाही म्हणजे? पाय ओढतो? पावलं लहान पडतात? एका अंगाला कलतो? काठी लागते की माणूस लागतो? किती पावलं? व्हरांड्यात शहाबादी फरशी होती, दोन फुटांची एकेक. त्या फरश्या मोजून सांगायच्या. काही डॉक्टर चिडायचे. एका डॉक्टरांनी कागदावर लिहून पाठवलं होतं, 'बाईंनी आपली कारकुनी सांभाळावी.' बाईंनी तो कागदही त्या रुग्णाच्या केसपेपरला टाचून ठेवला, कारण त्याच्यावर रुग्णाचा नंबर होता.

एकदा मी विचारलं, "चालीचंच एवढं का हो तुम्हाला?"

बाई कार्ड लावत होत्या. हात थांबवला नाही. "माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. दत्तात्रेय खेर. शेवटची चार वर्षं त्यांचा तोल जायचा. बाजारातून येताना रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला. लोक म्हणायचे, मास्तर प्यायला लागले. आमच्या घरात कधी बाटली आली नाही. शाळेने त्यांना घरी बसवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, लहान मेंदू झिजत चालला होता. तोवर इथल्या सगळ्या कागदांवर काय लिहिलं होतं माहितीय? अशक्तपणा." हातातलं कार्ड जागेवर सरकवून म्हणाल्या, "एका जरी कागदावर नीट लिहिलेलं असतं, तर तो कागद घेऊन मी हेडमास्तरांकडे गेले असते."

एवढं बोलून त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही.

पुढच्या वर्षी मार्च संपता संपता त्यांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर अकरा केसपेपर मांडलेले होते.

"पंधरा महिन्यांत ७८१.२ अकरा वेळा आला," त्या म्हणाल्या. "त्याआधीच्या चार वर्षांत मिळून तीनदा. आता तुम्ही सगळे नीट लिहायला लागलात म्हणून आकडा वाढला असेल, हे मी धरलं. तरी म्हटलं, या माणसांचे जुने कागद काढून बघू."

आमच्याकडे रुग्ण दर खेपेला नवा केसपेपर काढायचा. जुना कुठल्या गठ्ठ्यात आहे हे डॉक्टरला कळायला मार्ग नसायचा. बाईंकडे नावांची सूची होती. त्यांनी अकराही जणांचे जुने कागद शोधून प्रत्येकाच्या नव्या कागदाखाली ठेवले होते.

"वाचा. मी काही म्हणत नाही."

मी वाचायला लागले. गोदा महिपत, १९८२, आकडा ०११. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. केरू भिकाजी, ०११. शिवा रावजी, ०११. अकरापैकी आठ जणांना आधी क्षय झाला होता. आठही जण आमच्याच क्षयाच्या वॉर्डात होते. आठही जणांच्या तक्त्यावर एकच ओळ : स्ट्रेप्टोमायसिन, एक ग्रॅम, रोज, नव्वद दिवस.

मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. या इंजेक्शनाने कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग जळू शकतो. पन्नास किलोच्या आतल्या किंवा चाळिशी उलटलेल्या माणसाला मात्रा कमी द्यायची. गोदाचं वजन अडतीस किलो होतं.

"बाई, तुम्हाला हे कळलं होतं?"

"मला काय कळलं याला आकडा नसतो," त्या म्हणाल्या. "कानाचं, औषधाचं मला शिकवलेलं नाही. आठ माणसं दोन्ही आकड्यांखाली सापडली, एवढं मी बघितलं. पुढचं तुमचं."

क्षयाचा वॉर्ड डॉक्टर भास्कर आठल्यांचा. इस्पितळाचे प्रमुख तेच. साठीला टेकलेले, तापट, आणि अतिशय कष्टाळू. मुंबईहून खोकत परत आलेल्या माणसांना गावात कुणी जवळ करत नव्हतं तेव्हा त्यांनी हा वॉर्ड उभा केला होता. शेकडो माणसं त्यांनी जगवली होती. म्हणूनच त्यांच्यासमोर कागद घेऊन उभं राहणं मला फार जड गेलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुप्या एक ग्रॅमच्या येतात. अर्धी फोडून अर्धी ठेवायची कुठे? आणि क्षय बरा झाला ना यांचा? जिवंत आहेत ना? चालताना थोडे डुलले तर डुलले."

"सर, गोदा पाखाडीवरून..."

"पुरे. आणि खेरबाईंना सांगा, अशक्तपणाला ७८१.२ घालून जिल्ह्याला नसते तक्ते पाठवू नका."

बाईंना मी निरोप दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला, अकरा कागद उचलले आणि थेट आठल्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले.

"डॉक्टर," बाई उभ्या राहूनच बोलल्या, "तुम्ही या प्रत्येक कागदावर अशक्तपणा लिहा, खाली सही करा, तारीख घाला. मी ७८०.७ करते. तो तुमचा अधिकार आहे. पण 'भिंत धरून चालते, डोळे मिटल्यावर पडते' असं वर लिहिलंय, ते मी खोडणार नाही. तो माझा अधिकार नाही, आणि तुमचाही नाही."

आठल्ये लालबुंद झाले. मला वाटलं, आता बाईंची नोकरी जाते. बाई हलल्या नाहीत. त्यांचा आवाजही चढला नव्हता.

"वॉर्डात सध्या चिमा आहे," त्या पुढे म्हणाल्या. "बावन्न वर्षांची. इंजेक्शनाचा आज एकतिसावा दिवस. काल तिच्या हातून पाण्याचा तांब्या दोनदा पडला. सिस्टरने लिहिलंय, 'हलगर्जी.' मला त्याला आकडा सापडेना. तुम्ही तिला एकदा चालताना बघा, एवढीच विनंती."

 आठल्ये खुर्ची मागे सारून उठले.

चिमाला व्हरांड्यात आणलं. लख्ख ऊन होतं, समोरच्या आंब्याखाली पेंढा पसरून पेट्या भरायचं काम चाललं होतं. चिमा जाताना बरी चालली. वळताना जरा चुकली. आठल्यांनी तिला पावलापुढे पाऊल लावून उभं केलं आणि म्हणाले, "आता डोळे मिट."

चिमाने डोळे मिटले, आणि तोडलेल्या केळीसारखी ती आडवी जायला लागली. आठल्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं.

"मी पडतंय का ओ दाक्तर?" तिने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं. तुम्ही सांगाल तर उघडते, असा तिचा भाव होता.

"नाही. धरलंय मी. उघड डोळे." त्यांचा आवाज बदलला होता.

त्यांनी स्वतः तिला बाकावर बसवलं आणि शेजारी स्वतःही बसले.  मग त्यांनी तिचा केसपेपर मागवला, मांडीवर ठेवून लिहिलं : 'स्ट्रेप्टोमायसिनमुळे तोल जाणे. इंजेक्शन आजपासून बंद. दुसरे औषध सुरू.' सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला.

"याला आहे का आकडा तुमच्या पुस्तकात?"

"आहे, डॉक्टर. उपचारासाठी दिलेल्या औषधाने झालेला अपाय. ई ९३०." आणि मग, "आपल्याकडे आजवर लागला नव्हता."

"लागायला हवा होता," आठल्ये म्हणाले.

त्या आठवड्यात वॉर्डाचा कारभार फिरला. मात्रा वजनावर आणि वयावर ठरू लागली. उरलेली अर्धी कुपी कुठे ठेवायची या प्रश्नाचं उत्तर असं निघालं, की दोन बारीक रुग्णांना शेजारीशेजारी बसवायचं आणि एकीतून दोघांना द्यायचं, सुई अर्थात वेगवेगळी. बाईंनी एका पानाचा तक्ता आखला आणि सायक्लोस्टाइल करून आणला. दर सोमवारी इंजेक्शनवाल्या प्रत्येकाने व्हरांड्यात वीस फरश्या चालायच्या, वळायचं, डोळे मिटून उभं राहायचं, आणि सिस्टरने तक्त्यात खूण करायची. तोल जरा जरी गेला तरी डॉक्टरला सांगितल्याशिवाय पुढची सुई नाही.

जुन्या आठ जणांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. कानातलं जे जळलं ते परत येत नाही. पण डोळे आणि पाय यांना नव्याने शिकवता येतं, हे मी मुंबईच्या एका व्यायामतज्ज्ञ बाईंना पत्र पाठवून विचारून घेतलं. खेरबाईंनी आठही जणांना स्वतःच्या हाताने लिहून पोस्टकार्डं घातली. फक्त तेवढ्यांना नाही. गेल्या पाच वर्षांत त्या वॉर्डातून गेलेल्या प्रत्येकाला घातली : 'तुमची चालण्याची तपासणी करायची आहे, सोमवारी यावे.'

आलेल्यांत शिवा रावजी होता. छत्तीस वर्षांचा, अंगाने काटक, वजन पन्नास किलोच्या आत. आधी तो गुहागरच्या वाड्यांमधून, म्हणजे बागांमधून, नारळ-सुपारी उतरवायचा. दिवसाला तीस-चाळीस झाडं चढायचा. इंजेक्शनांनंतर एकदा अर्ध्या झाडावर त्याला सगळा समुद्र फिरताना दिसला. कसाबसा उतरला, तो पुन्हा चढला नव्हता. गावात त्याला लोक भित्रा म्हणायचे.

व्यायाम समजावून झाल्यावर तो खेरबाईंसमोर जाऊन उभा राहिला, कारण कार्डावर सही त्यांची होती.

"बाई, येक सांगा. माजी झाडां गेली ती कुनामुळं?"

खोलीत मी होते, ट्रस्टचे एक सभासद होते, दारात आठल्ये होते. सभासदांनी घाईने म्हटलं, "अरे, आजारच तसा असतो."

बाई उठून टेबलाच्या या बाजूला आल्या. "आजारामुळे नाही, शिवा. आम्ही दिलेल्या इंजेक्शनामुळे. त्याने तुझा जीव वाचला, पण मात्रा तुला जास्त झाली. चूक आमची. तू भित्रा नाहीस. तुझ्या कागदावर तसं लिहिलंय, हवं तर नक्कल देते. गावात दाखव."

 मला भीती वाटत होती, आता शिवा ओरडेल. तो म्हणाला, "द्या नक्कल." आणि मग एकदम रडायला लागला. आठल्ये आत आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई म्हणतात ते खरं आहे." सभासद निघून गेले. त्यांनी पुढे बैठकीत बराच आरडाओरडा केला असं कानावर आलं. पण आठल्यांनी तिथे काय सांगितलं कोण जाणे, बाईंना कुणी जाब विचारला नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. शिवा झाडावर परत चढू शकला नाही. त्याने गुहागरलाच एका वाडीत शिंपण्याचं आणि रोपं करण्याचं काम धरलं. ते त्याला मनापासून आवडलं नसावं. चढणाऱ्यांकडे बघत उभा राहायचा असं त्याच्याच बायकोने, राहीने, मला सांगितलं. केरू भिकाजी बोलावूनही आला नाही. गोदा मात्र दर सोमवारी यायची. मान डावी-उजवी फिरवत चालायचं, एका रेषेवर चालायचं, उशीवर उभं राहायचं. पहिले दोन महिने ती म्हणायची, "बाय, ह्यो प्वारांचा ख्येळ हाय." सहाव्या महिन्यात तिने सांगितलं, की वाडीच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडाचा तो अरुंद पूल, ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन ओलांडून आली. काळोखात ती कंदील घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे, पण पाखाडीवरून पुन्हा पडली नाही. चिमाचं इंजेक्शन वेळेवर थांबलं होतं. ती तीन महिन्यांत सरळ चालू लागली आणि तिचा क्षयही दुसऱ्या औषधांनी बरा झाला.

त्यानंतरच्या चार वर्षांत आमच्या वॉर्डातून सव्वादोनशे रुग्ण गेले. ई ९३० सहा वेळा लागला. सहाही जणांचा तोल बिघडल्याचं पहिल्या-दुसऱ्या सोमवारीच कळलं, आणि सहाही जण आपल्या पायांनी घरी गेले. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण बाईंनी ते मला दोनदा तपासायला लावले होते.

१९८७ साली जिल्ह्यातल्या डॉक्टरांची सभा रत्नागिरीत भरली. आठल्यांनी तिथे स्वतः उभं राहून ही हकिकत सांगितली. आपण काय चुकलो, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्या वयाच्या, त्या मानाच्या माणसाला ते सोपं नव्हतं. खेरबाईंना त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. त्या अगदी मागच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्या सभेत डॉक्टर नसलेल्या त्या एकट्याच.

"आमच्याकडे असे आठ रुग्ण सापडले," आठल्ये म्हणाले.

मागून आवाज आला, "अकरा, डॉक्टर."

सगळ्यांनी वळून बघितलं. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"चिमा सोडून आठ आधीचे. कार्डं घातल्यावर आणखी तीन आले. त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

"अकरा," आठल्यांनी दुरुस्त केलं, आणि हातातल्या कागदावर तिथल्या तिथे आठ खोडून अकरा लिहिलं. मग म्हणाले, "हे ज्यांनी शोधलं त्या या दमयंती खेर."

टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा बाई खाली बसल्या होत्या. शेजारच्या तरुण डॉक्टरला त्या काहीतरी विचारत होत्या. मी नंतर त्याला गाठून विचारलं, काय म्हणत होत्या? तो जरा गोंधळलेला होता.

"त्यांनी विचारलं, तुमच्या इस्पितळात रुग्ण दारातून आत येतो तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं?"